आई जे म्हणाली नाही

९ फेब्रुवारी

ताई,

फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललासच तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही. म्हणून लिहितेय. गेली दोन वर्षं आपल्या दोघींचे निरोप आईच पोचवत होती. तू तिला सांगायचीस, ती मला सांगायची, आणि त्यातलं टोचणारं तेवढं मधल्या मधे काढून टाकायची. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इकडची वायर तिकडे जोडायची नोकरी केली तिने. रिटायर झाल्यावर आपल्या दोघींची लाइन सांभाळली. आता तीच अंथरुणाला खिळलीय, तेव्हा हा निरोप मलाच द्यावा लागतोय.

आईच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. पोटात दुखतं म्हणून बाईसाहेब सगळा हिवाळा आम्लपित्ताच्या गोळ्या चघळत बसल्या. मला सांगितलं ते पार जेवण तुटल्यावर. गाठ यकृतापर्यंत पसरलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता जे करायचं ते दुखणं कमी करण्यापुरतंच. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, महिन्यांच्या हिशेबात राहू नका.

आईला सगळं ठाऊक आहे. मी लपवायला निघाले होते, पण तिने डॉक्टरीणबाईंना समोर बसवून सरळ विचारून घेतलं आणि नंतर मलाच पाणी प्यायला दिलं.

तू ये. खरं तर एवढंच लिहायचं होतं. पण तू कशी येणार, तिथे घोडं अडणार हे मला माहीत आहे. विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये नोकरीला असल्यामुळे मला घरच्या माणसांसाठी तिकिटं मिळतात. सीट रिकामी असली तर बसायचं, नसली तर पुढच्या विमानाची वाट बघायची. राजधानीहून इकडे येणारं दुपारचं विमान या दिवसांत निम्मं रिकामं येतं. चार तासांत तू आईच्या उशाशी असशील. तुझ्या नावाचं तिकीट मी मागून ठेवलंय.

विमानात पाऊल न ठेवण्याची तुझी शपथ मला माहीत आहे. सगळ्या देशाला माहीत आहे. तरी लिहितेय.

धाकटी

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. तू निघालीस हे पहिल्या ओळीत वाचून जिवात जीव आला. दुसऱ्या ओळीत तो परत गेला.

रेल्वेने किनाऱ्यापर्यंत, मग बोटीने समुद्र ओलांडून, मग पुन्हा रेल्वे. सगळं जुळून आलं तर आठवड्याभरात. ताई, आठवडा आहे का आपल्याकडे, हे तू मला विचारलंससुद्धा नाहीस.

रिकाम्या सीटबद्दल तू जे लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. मी बसले नाही तरी विमान उडणारच, असं प्रत्येकजण म्हणतो, आणि प्रत्येकजण तसं म्हणून बसतो म्हणूनच पुढच्या वर्षी आणखी एक विमान उडतं. पटलं मला. तुझं मला नेहमीच पटतं, हेच तर दुखणं आहे. विमानं कमी करायचं विधेयक समितीसमोर आलंय, तुझी साक्ष दीड महिन्यावर आहे, विमान कंपन्यांची माणसं तू कुठे काय खातेस त्यावरही नजर ठेवून आहेत, विमानाच्या दारात तुझा एक फोटो निघाला तर दहा वर्षांचं काम धुळीला मिळेल. हेही पटलं.

पण मलाही थोडं बोलू दे, कारण आता मधे आई नाही आणि टोचणारं काढून टाकणारं कुणी नाही.

तुझ्या पहिल्या अहवालातला छोट्या उड्डाणांचा भाग कुठे सुरू झाला ते आठवतं का? आईच्या स्वयंपाकघरात. मी तुला सांगत होते की विमान सगळ्यात जास्त इंधन पितं ते वर चढताना, आणि तासाभराच्या उड्डाणात ते चढतं आणि लगेच उतरायला लागतं, म्हणजे नुसती उधळपट्टी. तू चहा गार होऊ दिलास आणि मला प्रश्न विचारत सुटलीस. मला काय आनंद झाला होता त्या दिवशी. माझ्या शास्त्रज्ञ बहिणीला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मग अहवाल आला, जिथे रेल्वे अर्ध्या दिवसात पोचते तिथली विमानं बंद झाली, आणि आमच्याकडची दुसरी पाळी गेली. माझा नवरा विमानतळावर सामान चढवायचा. त्याला घरी बसवलं. आता तो शीतगृहात पेट्या उचलतो. संध्याकाळी आला की त्याची बोटं इतकी कडक झालेली असतात की शर्टाची बटणं मला काढावी लागतात.

बाबा गेले त्या वर्षी त्यांच्याच खोलीत मी तुला विचारलं होतं, तुझ्या आकड्यांत माणसं कुठल्या रकान्यात बसतात? तू म्हणालीस, सगळ्याच रकान्यांत. तेव्हापासून आपण बोललो नाही. तुझं उत्तर खोटं होतं असं मी कधीच म्हटलं नाही. मी रोज इंजिनाच्या पोटात कॅमेऱ्याची नळी घालून पात्यांच्या कडा तपासते. आत किती काजळी धरते ते माझ्याइतकं कुणी जवळून बघितलं नसेल. तू चुकली असतीस तर मला किती सोपं गेलं असतं.

तिकीट अजून तुझ्या नावावर आहे. वाटेत कुठेही मन बदललं तर कळव.

धाकटी

१५ फेब्रुवारी

ताई,

तू स्टेशनांवरून पाठवतेस ते फोटो आईला दाखवते. कालचा बर्फाचा तिला आवडला. परवाचा नुसत्या मालधक्क्याचा होता, तो बघून म्हणाली, "ही मालगाडीत बसली की काय?"

इस्पितळात शेजारच्या खाटेवर शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई आहेत. आईने त्यांना आपली सगळी वंशावळ ऐकवलीय. मोठी शास्त्रज्ञ आहे, गाड्या-विमानांच्या धुराचा अभ्यास करते. धाकटी विमानं दुरुस्त करते. "एक चालू ठेवते, एक बंद पाडते," असं म्हणून स्वतःच हसली आणि हसल्यामुळे पोटात कळ आली. त्या बाईंनी विचारलं, मोठी कधी येणार? आई म्हणाली, निघालीय. अशा सुरात म्हणाली, जणू तू कोपऱ्यावर दूध आणायला गेलीयस.

ती जेवत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट तेवढं जातं. पाय सुजलेत. सकाळी मी खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तोच असतो, "कुठवर आली?" मी गावाचं नाव सांगते. ती मान हलवते. मग थोड्या वेळाने विचारते, म्हणजे अजून किती राहिलं? इथे मला खोटं बोलावं लागतं आणि मला ते नीट जमत नाही.

मला तुझा राग येतो तेवढीच मला तुझी दयाही येते, एकटी त्या डब्यात बसलीयस म्हणून. पण दया थोडाच वेळ टिकते.

धाकटी

१७ फेब्रुवारी

ताई,

वादळामुळे बोट रद्द झाली, बंदरातल्या धर्मशाळेसारख्या हॉटेलात अडकलेय, असा तुझा निरोप मिळाला. आता मी लिहितेय ते शेवटपर्यंत वाच. मधेच चिडून बंद करू नकोस.

तू आहेस त्या गावापासून विमानतळ तासाभरावर आहे. उद्या दुपारी तिथून एक विमान सुटतं ते आमच्याच हँगरकडे येतंय, दुरुस्तीसाठी. त्यात एकही प्रवासी नाही. तिकीट कुणाला विकलेलं नाही, विकता येतही नाही. वैमानिक दोघे आणि आमचा एक मेकॅनिक, एवढीच माणसं. वादळ वरून टाळता येतं. तिथला इंजिनियर पूर्वी माझ्या पाळीत होता. त्याने रीतसर परवानगी काढलीय, तू मेकॅनिकच्या शेजारी बसून ये. दार उघडेल ते थेट हँगरच्या आत, मी शिडीशी उभी असेन. फोटो काढायला कुणी नसेल.

तू म्हणशील सीट रिकामी गेली तरी ती सबबच. ताई, ही तुझ्या अहवालातली सीट नाही. तू बसलीस म्हणून उद्या कुणी आणखी एक विमान उडवणार नाही. हे विमान येतंय कारण त्याच्या डाव्या इंजिनाची पाती झिजलीयत आणि ती मला बदलायचीयत.

डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी माझा हात धरून सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. त्या असा हात कुणाचा धरत नाहीत.

ये.

धाकटी

२० फेब्रुवारी

ताई,

आई आज सकाळी गेली.

तू बोटीवर असशील, तिथे निरोप पोचत नाहीत असं तू म्हणाली होतीस. उतरल्यावर हेच पहिलं वाचशील म्हणून थोडक्यात लिहिते. शेवटी तिला दुखत नव्हतं. मी आणि माझा नवरा जवळ होतो. परवा तू फोन केलास त्यानंतर ती फारशी बोललीच नाही, झोपेतच होती म्हण.

डॉक्टरीणबाई म्हणतात थांबवून ठेवता येईल, थंड खोली आहे. मी नको म्हटलं. आता रेल्वेही कुठे अडकली तर किती दिवस ठेवायचं तिला? दुपारी सगळं उरकलं. शेजारच्या खाटेवरच्या बाई चाकाच्या खुर्चीत बसून दारापर्यंत आल्या होत्या.

स्टेशनवर माझा नवरा येईल. किल्ली त्याच्याकडे आहे.

धाकटी

६ मार्च

ताई,

तू गेल्यावर घर एकदम मोठं झालंय.

इथे होतीस तेव्हा आपण काहीच बोललो नाही, त्याचं मला आता वाईट वाटतं. तू आईच्या खोलीच्या खिडक्या पुसत होतीस, मी तिचे कपडे निवडत होते, आणि आपण एकमेकींना फक्त, पिशवी दे, कात्री कुठेय, एवढंच विचारत होतो. नळ सोडून रडायची तुझी जुनी सवय अजून गेलेली नाही. मी न्हाणीघराबाहेर चहाचा कप घेऊन उभी होते. तुझं रडणं थांबण्याआधी नळ बंद झाला असता तर मी आत आले असते. मग चहा ओट्यावर ठेवला आणि गेले.

तू अशी वाळलीयस हे मला फोटोंत कळलं नव्हतं. दारात उभी राहिलीस तेव्हा क्षणभर मला आईच वाटली. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं, तो नंतर म्हणाला. त्याने तुझ्यासाठी दुसरी उशी आणून ठेवली, आणि तू त्याचे हात बघितलेस तेही मी बघितलं. तू मान खाली घातलीस. मला त्यात समाधान वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

फलाटावर तू विचारलंस, मला कधी माफ करशील का? मी म्हटलं, गाडी सुटेल. तेच सुचलं त्या वेळी. तुला आता सांगते, माझ्या मनात तेव्हा नाही असं नव्हतं. हो असंही नव्हतं. पण थोडा वेळ गेला असता तर काहीतरी उगवलं असतं असं मला त्या दिवशी वाटलं.

पोचलीस की कळव. आईची शाल तू न्यायला हवी होतीस, मी पार्सलने पाठवते.

धाकटी

२९ मार्च

ताई,

आज तुझी साक्ष होती. हँगरच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही लावला होता. विधेयक पास झालं तर छोट्या गावांच्या विमानतळांचं सरकारी अनुदान जाणार, म्हणजे आमचं विमानतळ जाणार, म्हणजे हँगर जाणार, त्यामुळे कामं टाकून सगळे समोर बसले होते. मी मागच्या बाकावर.

तू छान बोललीस. आकडे आलेच, पण आकड्यांनी कुणाची झोप उडत नाही हे तू आता शिकलीयस. विमानं जातात तेव्हा मागे राहणाऱ्या पांढऱ्या रेघा पृथ्वीवर गोधडी कशी पांघरतात ते तू इतकं सोपं करून सांगितलंस की आमचा फोरमनसुद्धा मान डोलवायला लागला, आणि मग शेजारच्याकडे बघून थांबला. तेवढ्यात त्या जाड्या सभासदाने तुला खोचकपणे विचारलं, बाई, तातडीने कुठे पोचायची वेळ तुमच्यावर आली तर तुम्ही काय कराल?

आणि तू सांगितलंस. माझ्यावर वेळ आली होती. माझी आई मरणपंथाला लागली होती. मी बंदरात अडकले होते. तिथून मी तिला फोन केला. "माझी आई मला म्हणाली, तुझा शब्द मोडू नकोस. सावकाश ये. मी आहे."

 तो जाड्या खाली बसला. एका सभासद बाईंनी डोळे पुसले. आमच्या कॅन्टीनमध्ये एकेक मान माझ्याकडे वळली. फोरमनने उठून टीव्ही बंद केला.

ताई, फोन स्पीकरवर होता. आईला कानाशी धरवत नव्हता म्हणून मी तो तिच्या उशीवर ठेवला होता. मी खाटेच्या कडेला बसले होते. तुला विसर पडला असेल तर मी सांगते काय झालं ते.

तू म्हणालीस, "आई, वादळ आहे. बोट उद्या सुटेल म्हणतायत."

आई म्हणाली, "धाकटी म्हणते तिथे विमान आहे."



मग म्हणाली, "त्यात बसून ये ना गं. मला तुला बघायचंय."

तू इतका वेळ गप्प होतीस की मला वाटलं लाइन कटली. मग म्हणालीस, "आई, बोट उद्या नक्की सुटेल."

आई म्हणाली, "बरं." आणि माझ्याकडे बघून फोन उचल अशी खूण केली.

यात "सावकाश ये" कुठे आहे? "शब्द मोडू नकोस" कुठे आहे? आईने कधी आपल्याकडे काही मागितलं नाही. स्वतःला साधा चष्मा हवा तरी, जमलं तर बघ, म्हणायची. एकदाच तिने तोंड उघडून मागितलं, तेही तुझ्याकडे. तू ते दिलं नाहीस. त्याला मी नाव ठेवलं नसतं. मोठ्या कामासाठी माणसं निष्ठुर होतात, मी समजून घेतलं असतं, फलाटावर घ्यायलाच लागले होते. पण तू तिचं मागणं पुसून त्या जागी तुला हवा होता तो आशीर्वाद लिहिलास. तिच्या तोंडात घातलास. सगळ्या देशासमोर.

मेलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही. तुझ्या अहवालात तू अशी एकही आकडेवारी घेतली नसतीस जी उलट तपासता येत नाही. आईची घेतलीस.

शाल पाठवत नाही.

धाकटी

१४ एप्रिल

ताई,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. नसणारच. हे पत्र मी उत्तरासाठी लिहीत नाही. एक गोष्ट घडलीय, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी.

रविवारी आमच्याकडे विमान कंपन्यांच्या संघटनेचा माणूस आला होता. नाव सांगितलं त्याने, मी विसरले. आम्ही त्याला टायवाला म्हणतो. एवढ्या उकाड्यात टाय घालून चार जिने चढून आला, हातात फुलं. आईबद्दल ऐकून वाईट वाटलं म्हणाला. आईच्या खुर्चीत बसला. मी दुसरीकडे बसा म्हणेपर्यंत बसलासुद्धा.

त्याला बरंच ठाऊक होतं. त्या रिकाम्या विमानाची परवानगी कुणासाठी काढली होती ते ठाऊक होतं. तू विमानतळावर आलीच नाहीस हे ठाऊक होतं. इस्पितळात त्या दुपारी तुझा फोन आला होता आणि मी जवळ होते, हेही कुणाकडून तरी काढलं होतं. आईचं नेमकं बोलणं तेवढं त्याला माहीत नव्हतं. त्यासाठी तो आला होता.

बोलायला गोड. मला काही सिद्ध करायला नको, फक्त जे ऐकलं ते समितीला सांगायचं, म्हणाला. तुमच्या ताईंवर आमचा राग नाही, पण लोकांना सत्य कळायला हवं. आणि तुमच्यासारखी माणसंच यात भरडली जातायत, नाही का? विधेयक अडलं तर तुमचा हँगर वाचेल, तुमच्या मिस्टरांना परत घेता येईल, याचा शब्द देतो. नवरा आत भांडी घासत होता. भांड्यांचा आवाज थांबला.

मी त्याला म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, आई काय म्हणाली असेल?

तो पुढे झुकला. म्हणाला, "कुठलीही आई जे म्हणेल तेच. ये म्हणाली असेल. जरा डोळ्यांसमोर आणा ना, एक म्हातारी बाई, शेवटची घटका, आणि मुलगी येत नाही. हे चित्र लोकांच्या मनातून जाणार नाही."

ताई, त्याने बरोबर ओळखलं होतं. अगदी बरोबर. आणि ते त्याच्या तोंडून ऐकताना मला शिसारी आली. माझी आई त्याच्या हातात एक चित्र झाली होती. त्याच्या आधी ती तुझ्या हातात झाली होती. तुम्ही दोघांनी तिला दोन बाजूंनी धरलं होतं आणि मधे ती बिचारी बिस्किट चहात बुडवत होती.

मी म्हटलं, "आई म्हणाली, शब्द मोडू नकोस, सावकाश ये. मी तिथेच होते."

तो मागे टेकला. मग विचारलं, "तुम्ही हे समितीला लिहून द्याल?"

"देईन."

आणि दिलं. बुधवारी समितीच्या कचेरीतून फोन आला, मी त्यांना तेच सांगितलं आणि सही करून पाठवलं. आता ते कायमचं तसंच राहील. तू खोटं बोललीस ते एकदा, मी तुझ्या खोट्याखाली सही केलीय.

कृपा करून आभार मानू नकोस. हे मी तुझ्यासाठी केलं नाही. पृथ्वीसाठी केलं असंही समजू नकोस, तेवढी मी मोठी नाही. तू आईला एकदा वापरलंस. दुसऱ्यांदा कुणी वापरू नये म्हणून मला तुझ्याच बाजूला उभं राहावं लागलं, याचा मला जेवढा राग आला तेवढा तुझ्या अहवालाचासुद्धा आला नव्हता.

टायवाला गेल्यावर नवरा हात पुसत बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याला फोनवरचं खरं बोलणं मी पूर्वीच सांगितलेलं. वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, आणि त्याला बोलायचा हक्कही होता. तो म्हणाला, "मग आता पुढे काय खायचं, ते तरी ठरवलंयस का?" मी म्हटलं, नाही. तो फुलं उचलून कचऱ्याच्या डब्याकडे गेला, मग परत फिरून म्हणाला, फुलांचा काय दोष, आणि ती शेजारणीला देऊन आला.

धाकटी

२ सप्टेंबर

ताई,

विधेयक पास झालं ते तू जाणतेसच. वर्तमानपत्रात तुझा फोटो होता, बंदराच्या धक्क्यावर उभं राहून काढलेला. कुणी काढायला लावला कोण जाणे. खाली आईचं ते वाक्य होतं. मोठ्या अक्षरांत.

इकडचं विमानतळ जुलैत बंद झालं. हँगरमधलं शेवटचं विमान गेलं तेव्हा आम्ही सगळे दाराशी उभे होतो. फोरमनने मला तिथेच सर्वांसमोर विचारलं, तुमच्या आई खरंच तसं म्हणाल्या का हो? मी म्हटलं, हो. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. माझ्या पाळीतल्या दोघी मला रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या बाजूला जातात. त्यांना वाटतं मी बहिणीसाठी सगळ्यांच्या पोटावर पाय दिला. त्यांना काय समजावू? मी खरं सांगायला गेले तर आणखीनच वाईट दिसेन.

आता कामाचं. राजधानीत नवीन इंधनावर विमानाची इंजिनं चालवून बघायचं एक केंद्र सुरू झालंय. खनिज तेलाऐवजी हवेतूनच काढलेल्या कार्बनपासून बनवलेलं इंधन, तुला माहीतच आहे. इंजिन शेकडो तास चालवायचं आणि मग आत पात्यांचं काय झालंय ते बघायचं, अशी माणसं त्यांना हवी होती. मी अर्ज केला. तिथल्या प्रमुखबाईंनी स्क्रीनवरून माझी मुलाखत घेतली, मला काजळीचे फोटो दाखवले आणि कुठल्या पात्याला काय झालंय ते विचारत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात होकार आला.

मला आधी वाटलं, तूच शब्द टाकला असशील. नकार लिहून तयार ठेवला होता. मग राहवलं नाही, फोन करून बाईंना सरळ विचारलं. त्यांना पत्ताच नव्हता. माझं आडनाव वेगळं, त्यामुळे तुझी बहीण असेन हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. कळल्यावर म्हणाल्या, अरे वा, मग तुम्हा दोघी बहिणींना एकत्र काम करायला किती छान वाटेल. मी त्यांना रुजू व्हायची तारीख विचारली.

म्हणजे मी येतेय. नवरासुद्धा येतोय. तो म्हणतो, पेट्या काय, तिकडेही असतीलच उचलायला. घर भाड्याने दिलंय. आईची खोली कुलूप लावून ठेवलेली नाही, तिथे आता भाडेकरूंची मुलगी राहील. इथून विमान सुटत नाही, तेव्हा तुझ्याच वाटेने यायचं आहे, रेल्वे, बोट, पुन्हा रेल्वे. तू त्या डब्यात बसून काय विचार करत होतीस ते मला तिथे बसल्यावर कदाचित कळेल. कळावं अशी माझी इच्छा नाही.

केंद्राची इमारत तुझ्या संस्थेच्या मागेच आहे, कॅन्टीन दोन्हींचं एकच आहे असं बाई म्हणाल्या. तेव्हा भेट होणार, टाळून टळणार नाही. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. आमची खोली ठरलीय. तू कामाचं काही विचारलंस तर मी सांगेन, इंजिनाचं जे जे मला दिसेल ते ते सांगेन, पूर्वी सांगायचे तसंच. तुझ्या कामात मी कधी खोट काढली नव्हती, आताही काढणार नाही.

तिथली माणसं आईबद्दल विचारतीलच. आता ती सगळ्यांची झालीय. चारचौघांत कुणी विचारलं तर ती तसंच म्हणाली असं मी सांगेन. कायम सांगेन, त्याची काळजी करू नकोस. पण आपण दोघीच असू तेव्हा ते वाक्य माझ्यासमोर उच्चारू नकोस.

धाकटी